अडीचची वेळ, हिरेमठ बाई

तेल आधी हळूहळू जागं करावं लागतं.
बाटली कोमट पाण्यात, दहा मिनिटं,
मग मनगटावर एक थेंब,
तान्ह्याचं दूध बघतात तसा.
हिरवट, जरा कडसर वास,
कैरीच्या सालीशी लांबचं नातं सांगणारा.
ऑलिव्हचं झाड मी पाहिलेलं नाही.
करंज पाहिलाय, कारळ्याची पिवळी शेतं पाहिलीत.
इथं, जांबोटी रस्त्यावरच्या काजूबागेत,
पाहुण्यांना समुद्रापलीकडचंच लागतं.
मॅनेजर म्हणतो, भाव सांगायचा नाही
आणि सांडायचंही नाही.

मी कुंभाराघरची.
केरळच्या सरांनी आठ दिवस शिकवलं,
नवव्या दिवशी विचारलं, हे हात कुठून आणलेस?
मातीतून, म्हटलं.
माती तिंबताना आत हवेचा बुडबुडा राहिला
की मडकं भट्टीत फुटतं,
शेजारची दोन घेऊन.
डोळ्यांच्या आधी तो बोटांना कळतो.
माणसातही असतो,
बहुतेकदा डाव्या खवाट्याखाली.

आज वहीत नाव होतं:
नीलगंगा हिरेमठ, धारवाड, वय एकाहत्तर.
दुखणं: खांदा, बोटं, झोप.
बाईंनी लिंगाची चांदीची डबी काढली नाही,
नुसती मानेच्या कडेला सरकवली
आणि पालथ्या झोपता झोपता म्हणाल्या,
"खिडकी लाव. वारा थेट पाठीवर येतोय."

त्या 'थेट'वर माझा हात थांबला.

गर्लगुंजीची शाळा. पाचवी. कन्नडचा तास.
ळ आमचाही, ळ त्यांचाही,
पण त्यांच्या ळला एक वळण जास्त,
आणि माझी पेन्सिल नेमकी तिथंच घसरायची.
"सुत्तु!" बाई म्हणायच्या,
मग पट्टी. सपाट नाही, कडेनं,
उजव्या तळव्यावर.
बाबा म्हणायचे, चाकावर एवढं वळवतेस,
मग पाटीवर का वळत नाही गं?

तोच तळवा आता तेलात बुडवून
मी त्यांच्या पाठीवर ठेवलेला.

बुडबुडा सापडला. डाव्या खवाट्याखाली, सुपारीएवढा.
कोपर किती लावला की माणूस ओरडतं
हे मला ठाऊक आहे.
कोपर उचललाही होता.
नाही लावला. मोठेपणा वगैरे काही नाही,
पगार वीस तारखेला होतो,
आणि टायमरवर अजून अडतीस मिनिटं होती.

मग त्यांचा हात घेतला.
खडू धरतात ती दोन बोटं उघडेचनात,
अंगठा नि तर्जनी, सांधे चिंचोक्यासारखे,
मधे जणू अजून एक अदृश्य तुकडा धरलेला.
तेल सोडत, फुंकर घालावी तसं चोळत
तो तुकडा मी काढून घेतला.
बाईंनी सुस्कारा टाकला.
कुठल्या भाषेत, ते सांगता येत नाही.

पुन्हा पाठ.
बाहेर कुणीतरी काजूचा पाला झाडत होतं.
काय मनात आलं कोण जाणे,
अंगठ्यानं, मणक्याच्या उजवीकडे,
हातभर मोठा,
मी त्यांचा ळ काढला.
सावकाश. एकदाही न घसरता, असं मला वाटलं.

बाई डोळे मिटून होत्या.
झोप लागली असावी म्हणून हात उचलणार
तेवढ्यात टॉवेलमधून, दबका,
"इन्नोंदु सुत्तु," म्हणाल्या.
अजून एक फेरा.

खांद्यासाठी म्हणाल्या की अक्षरासाठी,
मी विचारलं नाही.
तळव्यावर थोडं तेल घेतलं,
मॅनेजरनं नेमून दिलंय त्यापेक्षा जरा जास्त,
आणि वळवलं.